जखम भरली, आग राहिली

जुलै १८६३. अमेरिकेतल्या यादवी युद्धात गेटिसबर्गची तीन दिवसांची लढाई संपली आणि जखमी सैनिकांच्या गाड्या फिलाडेल्फिया शहराकडे निघाल्या. हात-पाय तुटलेले, पोटात गोळी लागलेले, जखमा चिघळलेले असे असंख्य जण त्यात होते. पण त्यांच्यातच काही सैनिक असे होते, की त्यांचे काय करायचे हे डॉक्टरांना कळेना. त्यांची जखम भरून आली होती. ताप नव्हता, पू नव्हता, हाड मोडलेले नव्हते. गोळी दंडातून किंवा मांडीतून आरपार निघून गेली होती. तरी तळहाताची किंवा पावलाची अशी आग होत होती, की माणूस रात्रंदिवस त्यावर ओले फडके धरून बसे. पाण्याची बाटली आणि स्पंज सोबत असल्याशिवाय तो जागचा हलत नसे. कोणी बुटात पाणी ओतून चाले. वॉर्डात कोणी पाय आपटत गेले, शेजारच्या खाटेवर वर्तमानपत्र सळसळले, रस्त्यावरून बँड वाजत गेला, एवढ्यानेही कळ मस्तकात जाई.

या सैनिकांचे म्हणणे खरे मानून ते तपशिलात लिहून ठेवणारे डॉक्टर म्हणजे सायलस वीअर मिचेल. आज ‘कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम’ किंवा सीआरपीएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजाराचे पहिले नीट वर्णन त्यांच्या नावावर आहे. या आजारावर गेल्या काही वर्षांत केटामाइन या भुलीच्या औषधाचे सलाईन दिले जाते आणि त्याविषयी बरेच उलटसुलट बोलले जाते. ते समजून घ्यायचे तर सुरुवात मिचेल यांच्यापासूनच करावी लागते.

मिचेल यांचा जन्म फिलाडेल्फियातच, १५ फेब्रुवारी १८२९ रोजी झाला. वडील जॉन कीर्स्ली मिचेल हे शहरातले नामांकित डॉक्टर आणि जेफरसन मेडिकल कॉलेजात प्राध्यापक होते. मुलाने त्याच कॉलेजातून १८५० मध्ये पदवी घेतली आणि तो पॅरिसला गेला. तिथे शरीरक्रियाशास्त्राचे थोर अभ्यासक क्लोद बर्नार यांच्या हाताखाली त्याला प्रयोग कसा करावा, याचे शिक्षण मिळाले. परतल्यावर वडिलांबरोबर व्यवसाय सुरू झाला. १८५८ मध्ये वडील गेले आणि मोठ्या कुटुंबाची जबाबदारी तरुण मिचेल यांच्यावर आली. दिवसभर रुग्ण पाहायचे आणि वेळ काढून प्रयोग करायचे, असा क्रम त्यांनी ठेवला. प्रयोगासाठी त्यांनी निवडला खुळखुळ्या साप, म्हणजे रॅटलस्नेक. त्याच्या विषावरचा त्यांचा ग्रंथ स्मिथसोनियन संस्थेने छापला. पुढे १८८६ मध्ये एडवर्ड रायकर्ट यांच्याबरोबर त्यांनी सापाच्या विषातले मारक घटक प्रथिने असतात, हे दाखवून दिले. सर्पदंशावरची प्रतिविषे त्यानंतरच्या दशकात आली.

१८६२ साली त्यांची पत्नी मेरी घटसर्पाने दगावली. पदरी दोन लहान मुले होती. त्याच काळात त्यांनी लष्करी रुग्णालयात कंत्राटी सर्जन म्हणून काम पत्करले. तिथे त्यांची नजर इतरांना नकोशा वाटणाऱ्या रुग्णांकडे गेली. मज्जातंतूला इजा झालेले सैनिक लवकर बरे होत नसत, मरतही नसत. खाट मात्र अडवून बसत. त्यामुळे असे रुग्ण कोणी मिचेल यांच्याकडे पाठवले, की पाठवणारा सुटल्यासारखा होई. अमेरिकी सैन्याचे सर्जन जनरल विल्यम हॅमंड हे मिचेल यांचे मित्र. त्यांनी मज्जातंतूंच्या इजांसाठी वेगळे रुग्णालयच काढून दिले. टर्नर्स लेन नावाच्या या रुग्णालयात ४०० खाटा होत्या. जॉर्ज मोरहाउस आणि विल्यम कीन हे दोन डॉक्टर सोबतीला होते. तिघेही दिवसा आपापला व्यवसाय सांभाळून इथे येत आणि उशिरापर्यंत बसून एकेका रुग्णाची टिपणे लिहीत.

त्या काळच्या बंदुकीतून शिशाची मऊ, जड गोळी सुटे. ती मांसातून जाताना मोठा मज्जातंतू पूर्ण तोडत नसे, त्याला अर्धवट फाडून किंवा चेपून जाई. हा तपशील महत्त्वाचा आहे. मज्जातंतू पूर्ण तुटला तर त्या भागाची संवेदना जाते, हालचाल जाते. अर्धवट दुखावला तर मात्र काही जणांत ही आग सुरू होते, आणि ती सुरू होते जखमेपासून दूर, हाताच्या तळव्यात, बोटांत, पावलाच्या वरच्या भागात. मिचेल यांनी पाहिले, की तिथली त्वचा लालसर, पातळ आणि चकचकीत होते. नखे वाकडी वाढतात, केस गळतात, बोटांचे सांधे सुजून आखडतात. आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नाही. काही रुग्ण आपला चांगला हातसुद्धा ओला करून मगच वस्तूला लावत. कोरड्या वस्तूला चांगला हात लागला, तरी आग दुखऱ्या हाताची वाढे.

सुरुवातीला शांत, हसतमुख असलेला जवान या दुखण्याने चिडखोर होतो, रणांगणावर न घाबरलेला माणूस कोणी खाटेजवळ आले तरी दचकतो, असेही त्यांनी नोंदवले. आजच्या वेदनाचिकित्सकाला हे वर्णन अगदी ओळखीचे वाटेल.

आपल्याकडे मज्जातंतूच्या दुखण्यासाठी ‘आग होते’ हाच शब्द रुग्ण वापरतात. नागीण बरी होऊन खपल्या पडल्यावरही महिनोन्महिने अंगावर सदरा सहन न होणारे आजोबा, किंवा वर्षानुवर्षांच्या मधुमेहामुळे रात्री तळपायाची आग होते म्हणून गार फरशीवर पाय ठेवून बसणारी काकू, ही याच जातीच्या वेदनेची साधी, नेहमीची रूपे. टर्नर्स लेनमध्ये ती सर्वांत उग्र रूपात दिसत होती.

१८६४ मध्ये तिघांनी मिळून मज्जातंतूंच्या इजांवर छोटे पुस्तक लिहिले. या वेदनेला मिचेल यांनी पुढे ‘कॉझॅल्जिया’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘जळणारी वेदना’. शब्द सुचवणारे होते वैद्यकीय शब्दकोशकार रॉबली डंग्लिसन, जे एके काळी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचे डॉक्टर होते. १८७२ मध्ये मिचेल यांचा मोठा ग्रंथ आला आणि दोन वर्षांत त्याचे फ्रेंच भाषांतर झाले.

उपचार काय होते? मॉर्फिनचे इंजेक्शन. त्वचेखाली सुई टोचून औषध देण्याची पद्धत तेव्हा नवीन होती आणि टर्नर्स लेनमध्ये ती सढळ हाताने वापरली गेली. आराम पडे, पण काही तासच. मॉर्फिन आणि अॅट्रोपिन एकमेकांचे कोणते परिणाम पुसतात आणि कोणते पुसत नाहीत, यावर तिघांनी १८६५ मध्ये शोधनिबंध लिहिला. त्याखेरीज ओल्या पट्ट्या, त्वचेवर फोड आणणारी औषधे, विजेचे हलके झटके, मालीश आणि आखडलेल्या सांध्यांची रोजची हालचाल असे उपचार चालत. शेवटचे दोन सोडले तर आज यातले फारसे काही उरलेले नाही.

या विश्वासू डॉक्टरांची दुसरी बाजूही सांगायला हवी. रणांगणावर परत जायला नको म्हणून लुळेपणाचे ढोंग करणारे सैनिकही असत. त्यांना ओळखण्याच्या युक्त्यांवर याच तिघांचा एक निबंध आहे. इथर देऊन बेशुद्ध करायचे आणि शुद्धीवर येताना, भान पुरते आलेले नसताना, ‘लुळा’ हात हलतो का ते पाहायचे, ही त्यांतली एक. आज कोणत्याही नीतिसमितीपुढे हे टिकणार नाही. पण ज्यांना ढोंगी पकडण्याची सवय होती, अशाच डॉक्टरांनी कॉझॅल्जियाच्या रुग्णांना ढोंगी म्हटले नाही, याला म्हणून वजन आहे.

युद्ध संपता संपता दुसरे कोडे पुढे आले. हात-पाय कापून टाकलेल्या हजारो माणसांना नसलेला अवयव जाणवत होता. नसलेल्या हाताची मूठ घट्ट आवळली गेली आहे, नखे तळव्यात रुतताहेत आणि ती उघडता येत नाही, असे ते सांगत. सर्वत्र हसे होण्याच्या भीतीने बरेच जण गप्प राहत. मिचेल यांनी हा विषय आधी चक्क कथेतून मांडला. १८६६ मध्ये ‘अटलांटिक मंथली’ मासिकात, लेखकाचे नाव न देता, चारही हातपाय गमावलेल्या जॉर्ज डेडलो नावाच्या सैनिकाची गोष्ट छापून आली. वाचकांना ती इतकी खरी वाटली, की डेडलोसाठी लोकांनी पैसे पाठवले आणि काही जण त्याला भेटायला फिलाडेल्फियाच्या रुग्णालयात येऊन थडकले. १८७१ मध्ये मिचेल यांनी स्वतःच्या नावाने लेख लिहिला आणि ‘फँटम लिंब’, म्हणजे अवयवाचे भूत, हा शब्द वैद्यकाला दिला. अवयव तोडलेल्या जवळजवळ प्रत्येकाला तो कधी ना कधी जाणवतो, हेही त्यांनी सांगितले. काहींच्या बाबतीत ही जाणीव विरून गेलेली होती. तिथल्या मज्जातंतूंना विजेचा प्रवाह दिला की नाहीसा झालेला अंगठा रुग्णाला क्षणभर पुन्हा जाणवे.

मग वेदना नेमकी असते कुठे? जखमेत असेल तर ती भरल्यावर जायला हवी. हातात असेल तर हात गेल्यावर जायला हवी. दुखावलेला मज्जातंतू त्वचेचे पोषण बिघडवतो आणि म्हणून आग होते, असे मिचेल यांचे कॉझॅल्जियाचे स्पष्टीकरण होते. ते पुढे टिकले नाही. निरीक्षणे मात्र सगळी टिकली.

या प्रश्नाचा पाठपुरावा त्यांनी सोडला नाही. युद्धात पाय गमावलेल्या कॅप्टन कॅटलिन नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या खुंटातली कळ कधी उठते आणि किती वेळ राहते, याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली होती. मिचेल यांनी ती हवेच्या दाबाच्या नोंदींशी ताडून १८७७ मध्ये हवामान आणि वेदना यांच्या संबंधावर निबंध प्रसिद्ध केला. पाऊस यायच्या आधी जुने दुखणे उठते, या घरोघरच्या समजुतीची कोणीतरी आकड्यांनी केलेली ही पहिल्या काही तपासण्यांपैकी एक. १८७८ मध्ये त्यांनी आणखी एक आजार नोंदवला. पाय लालबुंद होतात, उष्णतेने जळतात, गार पाण्यात ठेवले की बरे वाटते. ‘एरिथ्रोमेलॅल्जिया’ हे त्याचे नाव. पुढे सव्वाशे वर्षांनी, २००४ मध्ये, चिनी संशोधकांना एका कुटुंबातल्या या आजाराचे मूळ सापडले. वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंत सोडियमचे कण आत सोडणारी एक वाहिनी असते. तिच्या जनुकात एका जागी बदल झाला होता आणि ती अगदी सहज उघडत होती.

मधल्या काळात मिचेल अमेरिकेतले बहुधा सर्वांत प्रसिद्ध डॉक्टर झाले होते. प्राध्यापकपद मात्र त्यांना दोनदा नाकारले गेले होते. त्यांची प्रसिद्धी झाली ती ‘विश्रांती उपचारा’मुळे. थकवा, उदासी, कारण न सापडणारी दुखणी असलेल्या रुग्णांना, विशेषतः स्त्रियांना, सहा ते आठ आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवायचे. घरच्यांना भेटायचे नाही, वाचायचे नाही, लिहायचे नाही. भरपूर दूध, भरपूर अन्न, मालीश आणि वीज. १८७७ मधले त्यांचे यावरचे पुस्तक युरोपातही गाजले. काही अशक्त, कुपोषित रुग्णांना त्याचा फायदा झालाही असेल. पण बाळंतपणानंतर खोल उदासीत गेलेल्या लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांना १८८७ मध्ये त्यांनी हाच उपचार दिला आणि घरी पाठवताना लेखणी हाती न धरण्याचा सल्ला दिला. त्या वेडाच्या उंबरठ्यापर्यंत पोचल्या. १८९२ मध्ये त्यांची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा प्रसिद्ध झाली, जी आजही जगभर वाचली जाते. कथेची प्रत त्यांनी मिचेल यांना पाठवली, पण पोच आली नाही.

सैनिकाच्या अदृश्य आगीवर विश्वास ठेवणारा हाच माणूस स्त्रीच्या तोंडून आलेल्या दुःखाकडे तिचा स्वभावदोष म्हणून पाहत होता. कॉझॅल्जियाच्या वर्णनातही, सैनिक किती हळवा होतो हे सांगताना, त्यांनी तुलनेला उन्मादाने ग्रासलेल्या मुलीलाच घेतले होते. हे आज खटकते आणि खटकायला हवे. कारण सीआरपीएसच्या रुग्णांत आज स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि मनाचे खेळ म्हणून त्यांची बोळवण अजूनही होते.

१८९६ हे वर्ष मिचेल यांच्या आयुष्यात जरा विलक्षण होते. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये इथरची पहिली जाहीर भूल दिली गेली, त्याला त्या ऑक्टोबरात पन्नास वर्षे झाली. त्या समारंभासाठी मिचेल यांनी वेदनेच्या जन्ममृत्यूवर एक दीर्घ कविता लिहून वाचली. ते तोवर कवी आणि कादंबरीकार म्हणूनही नावारूपाला आले होते. शस्त्रक्रियेची वेदना खरेच संपली होती. टर्नर्स लेनमधली वेदना संपलेली नव्हती, आणि हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्याच वर्षी त्यांनी आणखी एक प्रयोग केला, स्वतःवर. मेक्सिकोकडच्या पेयोटी निवडुंगाचा अर्क त्यांनी घेतला आणि डोळे मिटल्यावर दिसलेले रंग, तारे, रत्नजडित मनोरे यांचे वर्णन ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापले. या अनुभवाची लोकांना चटक लागेल, अशी धोक्याची सूचनाही त्यात होती. हा निवडुंग त्यांनी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनाही पाठवला. जेम्स यांना नुसत्याच उलट्या झाल्या.

भासमान दृश्ये दाखवणारा पदार्थ आणि मज्जातंतूची आग हे मिचेल यांच्या अभ्यासाचे दोन वेगळे विषय होते. ते एकत्र येतील असे त्यांना वाटायचे काही कारण नव्हते.

१८९५ मध्ये त्यांचा मुलगा जॉन, जो स्वतः डॉक्टर झाला होता, त्याने वडिलांचे जुने रुग्ण शोधून काढून त्यांची तीस वर्षांनंतरची स्थिती तपासली आणि त्यावर पुस्तक लिहिले. काही जणांचे दुखणे गेले होते. काही म्हातारे सैनिक तीच वेदना अजून अंगावर वागवत होते. मिचेल ४ जानेवारी १९१४ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, फिलाडेल्फियातच वारले. त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले आणि कॉझॅल्जियाचे नवे रुग्ण युरोपातल्या रुग्णालयांत दाखल होऊ लागले.

पुढच्या ऐंशी वर्षांत या आजाराची नावे बदलत गेली. लहानशा इजेनंतर, साधे हाड मोडल्यावर, अगदी प्लास्टर काढल्यावरही असेच चित्र दिसते हे लक्षात आले. १९९४ मध्ये या सर्वांना सीआरपीएस हे एक नाव मिळाले. मोठ्या मज्जातंतूची इजा नसेल तर पहिला प्रकार, असेल तर दुसरा. म्हणजे मिचेल यांचा कॉझॅल्जिया हा आजचा दुसरा प्रकार. निदानासाठी रक्ताची एकही निर्णायक तपासणी आजही नाही. रुग्णाचे ऐकायचे आणि हात नीट पाहायचा, रंग, ऊब, सूज, घाम, नखे, हालचाल. टर्नर्स लेनमध्ये होते तेच.

बदलले ते वेदनेच्या जागेचे ज्ञान. मज्जारज्जूतल्या पेशींना एकच संदेश पुन्हा पुन्हा मिळाला, की त्यांचे उत्तर दर वेळी मोठे होत जाते, हे १९६०च्या दशकात दिसून आले. या वाढत्या उत्तरामागे पेशींवरचे एनएमडीए नावाचे रिसेप्टर असतात. एरवी त्यांच्या छिद्रात मॅग्नेशियमचा बोळा बसलेला असतो. दुखावलेल्या मज्जातंतूकडून संदेशांचा मारा सुरू झाला, की तो बोळा निघतो, कॅल्शियम आत शिरते आणि पेशी कमालीची हळवी होते. मग साधा स्पर्श, वाऱ्याची झुळूक, पावलांचा हादरा हे सगळे वेदना म्हणूनच वर पोचते. ओला केलेला चांगला हात, बँडच्या आवाजाने उठणारी कळ, ही कोडी इथे उलगडू लागतात. जखम हातात होती. आवाज वाढवणारे बटण वर, मज्जारज्जूत आणि मेंदूत, अडकून बसले होते.

केटामाइन १९६२ मध्ये अमेरिकेत पार्क-डेव्हिस कंपनीसाठी तयार झाले. १९६४ मध्ये ते माणसांना प्रथम दिले गेले आणि १९७० मध्ये त्याला मान्यता मिळाली. व्हिएतनाम युद्धात ते सैनिकांच्या उपयोगी पडले. श्वास फारसा न दाबणारी, रक्तदाब न पाडणारी ही भूल आपल्याकडच्या तालुक्याच्या रुग्णालयांतल्या भूलतज्ज्ञांनाही चांगली परिचयाची आहे. या भुलीत रुग्णाला आपण शरीरापासून सुटून तरंगतो आहोत असे वाटते आणि विचित्र दृश्ये दिसतात. १९८३ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी दाखवले, की केटामाइन नेमके एनएमडीए रिसेप्टर अडवते. मॅग्नेशियमचा बोळा निघून गेलेल्या छिद्रात ते जाऊन बसते. म्हणजे अडकलेल्या त्या बटणापर्यंत पोचणारे औषध भूलतज्ज्ञांच्या कपाटात आधीपासूनच होते.

सीआरपीएसवर ते दिले जाते ते सलाईनमधून, थेंब थेंब आणि फार कमी मात्रेत. साठ किलोच्या माणसाला पूर्ण भूल देताना साधारण ६० ते १२० मिलिग्रॅम मिनिटभरात शिरेतून दिले जाते. वेदनेसाठी तासाला वीसेक मिलिग्रॅम पुरते. रुग्ण जागा असतो, बोलतो. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन यांवर सतत लक्ष ठेवावे लागते.

यावरचे दोन नियंत्रित प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एक नेदरलँड्समधल्या लायडेनचा, ६० रुग्णांवरचा, सलग चार दिवसांच्या सलाईनचा. दुसरा फिलाडेल्फियाचा. मिचेल यांच्याच गावात रॉबर्ट श्वार्ट्झमन या मज्जाविकारतज्ज्ञांनी १९ रुग्णांना रोज चार तास, असे दहा दिवस केटामाइन किंवा मीठपाण्याचे सलाईन दिले. दोन्ही ठिकाणी वेदना मीठपाण्याच्या सलाईनपेक्षा स्पष्टपणे कमी झाली आणि तो आराम काही आठवडे टिकला. लायडेनमध्ये बाराव्या आठवड्यापर्यंत दोन्ही गटांतला फरक पुसला गेला होता. शिवाय वेदना कमी झालेल्या काळातही हाताचे काम, पकड, हालचाल यांत सुधारणा दिसली नाही.

याहून मोठी आशा दाखवणाऱ्या जाहिरातींपासून रुग्णांनी सावध राहिलेले बरे. अमेरिकेतल्या वेदना आणि भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ मध्ये एकत्रित सूचना काढल्या. त्यांतही सीआरपीएससाठी केटामाइनचा पुरावा आहे, पण दुबळा आहे, असेच म्हटले आहे. मळमळ, चक्कर, रक्तदाब वाढणे आणि भास हे त्रास नेहमीचे. थोड्याच दिवसांच्या अंतराने दुसऱ्यांदा लांबलचक सलाईन दिल्यावर काही रुग्णांच्या यकृतावर परिणाम झाल्याचे लायडेनच्याच गटाने नोंदवले आणि तो प्रयोग थांबवला. अनियंत्रित हृदयविकार, यकृताचा आजार, मनोविकृतीचा इतिहास असलेल्यांना ते देत नाहीत. नशेसाठी वारंवार घेणाऱ्यांच्या मूत्राशयाची कायमची हानी होऊ शकते. भारतातही त्याच्या विक्रीवर कडक नियंत्रण आहे.

म्हणून आजही सीआरपीएसच्या रुग्णाला आधी दुसऱ्या गोष्टी दिल्या जातात. मज्जातंतूच्या वेदनेवरच्या गोळ्या, काही वेळा मज्जातंतूंच्या गाठीत इंजेक्शन, आरशासमोर चांगला हात हलवण्याचे व्यायाम आणि सर्वांत मुख्य म्हणजे फिजिओथेरपी. सलाईनने आग काही आठवडे मंदावली तर त्या आठवड्यांचा उपयोग हाच असतो. एरवी कोणाला हात लावू न देणारा रुग्ण तेव्हा फिजिओथेरपिस्टला आपला हात देतो आणि आखडलेली बोटे रोज थोडी थोडी उघडली जातात.